रिळं पुण्यात आहेत ना, मग पणजीला कशाला?

मांडवीकाठ
काल एका गृहस्थांनी इथल्या चर्चेत लिहिलं, "पणजीत चित्रपट संग्रहालय मागणाऱ्यांनी आधी मोबाईल उघडावा. सगळं यूट्यूबवर आहे, उरलेलं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. आणखी एक गळकं छप्पर कशाला?" रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

यूट्यूबवर जे जुनं दिसतं ते कुणीतरी रीळ जपलं म्हणून दिसतं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली चार रिळांचा होता. आज पहिलं आणि शेवटचं एवढंच हाताशी आहे. मधली दोन कोण अपलोड करणार? पुण्याचं ते संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत पोचले नसते तर त्यांचा 'कालिया मर्दन'ही गेला असता.

आमच्या माळ्यावर बाबांचा एक डबा होता. ८ एमएमवर, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या अरुंद फिल्मवर, त्यांनी टिपलेली कवळ्याची जत्रा. गेल्या पावसाळ्यानंतर उघडला तर लोणचं बिघडल्यासारखा आंबट भपकारा आला. रीळ गुळाच्या ढेपेसारखं एकसंध झालेलं. कडेने सोडवायला गेलो तर चित्राचा थरच नखाला लागून आला. आमच्या दमट हवेत फिल्म अशी मरते. दर नोव्हेंबरला इफ्फीसाठी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, शहर नटतं, २००४ पासून बघतोय. नऊ दिवस जगाचे सिनेमे दाखवायचे आणि आपले माळ्यावर कुजू द्यायचे, हे मला सहन होत नाही.

फोंड्याचा प्रेक्षक
ते गृहस्थ मीच. डब्याचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण २०२३ च्या जुलैत पणजीतल्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं, ते विसरलात का? ज्यांना नाटकाचं छप्पर सांभाळता येत नाही त्यांच्या हाती तुम्ही रिळं देणार? फिल्मला बारा महिने थंड आणि कोरडी खोली लागते. आमच्याकडे चतुर्थीच्या आरतीला वीज जाते. पुण्याचं राष्ट्रीय संग्रहालय १९६४ पासून हेच काम करतंय, जाणती माणसं तिथे आहेत. तिथे द्या आणि निर्धास्त व्हा.

मांडवीकाठ
पुण्याच्या त्याच संग्रहातली नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी जुनी रिळं २००३ च्या आगीत जळाली. सगळं धान्य एकाच कणगीत ठेवलं की असंच होणार.

जुन्या रिळांचा वेडा
मधेच एक दुरुस्ती. 'हरिश्चंद्र'ची जी दोन रिळं आहेत ती १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे मूळ सिनेमा कदाचित पूर्णच गेलाय.

डिचोलीवाली
इमारत, वीज राहू द्या. त्यात मराठीला जागा असणार का, ते आधी सांगा. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली तेव्हापासून बघतेय, 'गोव्याचं' म्हटलं की कोंकणीचं, आणि आम्ही घरातले पाहुणे. मास्टर दीनानाथ मंगेशकर आपल्या मंगेशीचे. त्यांच्या बळवंत पिक्चर्सने १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. तो गोव्याच्या खात्यात धरणार की सांगलीत कंपनी होती म्हणून सोडून देणार?

झुआरीपलीकडे
बाई, प्रत्येक गोष्टीत ८७ काढायलाच हवं का? कोंकणीत मुळात सिनेमे मोजके. २४ एप्रिल १९५० ला 'मोगाचो आंवडो' आला, आपण त्या तारखेला कोंकणी सिनेमाचा दिवस पाळतो, आणि तो सिनेमा पाहिलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. १९६३ चा 'आमचें नशीब', १९६६ चा 'निर्मोण', दोन्ही कुडचड्याच्या फ्रँक फर्नांड यांनी पदरमोड करून उभे केले. मुंबईच्या स्टुडिओत ट्रम्पेट वाजवून मिळवलेला पैसा त्यात गेला. आधी हे वाचवूया की मराठीचा हिस्सा मोजत बसूया?

डिचोलीवाली
हिस्सा मोजायची वेळ आमच्यावर आणली कोणी? माझ्या आजोबांनी ६७ च्या जनमत कौलात फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला, मत दिलं म्हणून गावात लोक त्यांच्याशी बोलत नसत. ते मी विसरणार नाही.

झुआरीपलीकडे
आणि माझ्या आजोबांनी दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवायला, दिलं, त्यांचं दुकान फोडलं. मग आता काय करूया?

कार्बनची काडी
दोघंही जरा थांबा. माझे मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, प्रोजेक्टर चालवायचे. मी लहानपणी केबिनमध्ये त्यांच्या स्टुलाशेजारी बसायची. प्रोजेक्टरच्या उजेडासाठी कार्बनच्या दोन काड्या जवळ आणून ते ठिणगी पाडायचे, काळ्या काचेतून ज्योत बघायचे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला, म्हणजे रीळ संपत आलं, की दुसरं मशीन चालू. एका रात्री जेवणाचा डबा उघडताना त्यांचा ठिपका चुकला, पडदा पांढरा झाला आणि खालून शिट्ट्या. मामा आठवडाभर जेवायला बसताना तेच सांगत होते.

टॉकीज बंद झालं तेव्हा प्रिंटचे डबे भंगारात वजनावर गेले. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून घेतात. डब्यावर कोंकणी आहे की मराठी, ते भंगारवाल्याने बघितलं नाही.

डिचोलीवाली
हे वाचून गप्प बसले. माझा मुद्दा मी सोडलेला नाही, पण चांदीचं मला ठाऊक नव्हतं.

मांडवीकाठ
कागद जपायची सवय आपल्याला आहे. जुने सरकारी कागद ठेवणारं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं, सार्वजनिक वाचनालय १८३२ चं. मग फिल्मच परकी का? पोर्तुगीज काळात गोव्यात काढलेली वृत्तचित्रं बघायची तर आज लिस्बनच्या सिनेमातेकाचं, म्हणजे तिथल्या चित्रपट संग्रहालयाचं, दार ठोठवायचं. माझ्या आजीच्या काळातलं पणजी शहर तिथल्या थंड खोलीत आहे आणि ते इथल्या शाळेतल्या पोराला कधी दिसत नाही.

फोंड्याचा प्रेक्षक
बरं. एवढं मान्य करतो की बघायची सोय इथे हवी. मूळ रिळं पुण्याच्या थंड कोठीत ठेवा, पणजीत त्यांच्या चांगल्या प्रती, बसून बघायची खोली आणि कुणाकडे काय आहे याची नीट यादी. छताबद्दलचं माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही.

मांडवीकाठ
मला कोठीही इथेच हवी आहे. पण यादीपासून सुरुवात होत असेल तर उद्यापासून तुमच्याबरोबर दारोदार फिरायला तयार आहे. माळ्यावर ज्यांचे डबे असतील त्यांनी एक करा: उन्हात ठेवू नका, आंबट वास येणारा डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, चिकटलेलं रीळ सोडवायला जाऊ नका. मी सोडवायला गेलो आणि गमावलं.

फोंड्याचा प्रेक्षक
आमच्या मावशीकडे लग्नाचं एक रीळ आहे. डबा गंजलाय, झाकण निघत नाही. तूर्त कुठे नेऊ, तेवढं सांगा.