पाच जणं, त्यात आई ७८ ची: अमेरिकेत आरव्ही केवढी घ्यावी?

अंबाजोगाईकर
पोरगा फिनिक्सला असतो. मे अखेरीला आम्ही दोघं आणि माझी आई तिकडं चाललोत. सूनबाई धरून पाच जणं. भाड्याची आरव्ही, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, घेऊन ग्रँड कॅन्यन, झायन, योसेमिटी हे नॅशनल पार्क करायचं ठरलंय. आजीला ऐसपैस पाहिजे म्हणून पोरगा ३२ फुटी बघायलाय. एवढं धूड सगळीकडं आत घेतात का?

परभणीकर_सध्या_तिकडं
काका, मुक्काम आधी ठरवा, गाडी मागून. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरच्या मॅदर कॅम्पग्राउंडला (गाडी लावून मुक्काम करायची जागा) ३० फुटांच्या वर घेत नाहीत. ३२ फुटी तिथंच बाद. जवळच्या ट्रेलर व्हिलेजला ५० फुटीही चालते, वीज-पाणी जोडून मिळतं, पैसे मात्र जास्त. योसेमिटीत अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडला ३५ फूट लिहिलेलं दिसंल, त्यावर जाऊ नका. प्रत्येक साइटचं, म्हणजे गाडी लावायच्या एकेका जागेचं, माप वेगळं. रिक्रिएशन डॉट गव्ह या बुकिंगच्या सरकारी वेबसाइटवर ती ती जागा उघडून वाहनाची कमाल लांबी बघायची. आणि लांबी म्हणजे बंपर ते बंपर, मागं सायकलचा रॅक लावला तर तोही धरून.

उदगीरची_लेक
लांबीचंच काय घेऊन बसलात? झायनमधला १९३० चा बोगदा कमानीचा आहे. ११ फूट ४ इंचापेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचापेक्षा रुंद गाडी आपल्या लेनमध्ये मावतच नाही, आणि रुंदीत आरसेही मोजतात. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली २५ फुटी सी-क्लास घेतली तरी त्या मापात बसायची नाही. मग हरिकेन-कनॅब या गावांकडून वळसा. औट्रम घाट अवजड गाड्यांना बंद झाल्यावर आपल्याकडं ट्रकवाले फिरून जातात, तसंच. योसेमिटीहून सिकोया पार्कला उतरायचा मोह झाला तर तिथल्या पोटविशा ते जायंट फॉरेस्ट रस्त्यावर २२ फुटांच्या वरची गाडी नेऊ नका म्हणतात.

बीडचा_गडी
सगळे मापंच सांगायलेत, म्हातारीचं कोण बघणार? २५ फुटीत पाच जणं झोपतात हे जाहिरातीत. एक पलंग शिडी चढून वर, एक जेवायचं टेबल मोडून. रात्री आजी संडासला उठली की सगळ्यांना जाग. सरळ ३० फुटी घ्या, पार्काबाहेर खाजगी आरव्ही पार्कात उतरा आणि पोराची कार सोबत ठेवा.

परभणीकर_सध्या_तिकडं
बीडकर, आजीचं पटलं. पण पार्काबाहेर राहायचं तर योसेमिटीत रोज आत-बाहेर करण्यात अर्धा दिवस जातो. मोटेलात उतरलेलं काय वाईट मग? आजीला मागचा कायमचा पलंग, काका-काकू टेबलावर, पोरं वर. २५ फुटीच घ्या.

अंबाजोगाईकर
पोराला दाखवलं, २५ वर आलाय. आईला टेबलाचा पलंग नको, एवढं एकच त्यानं मान्य केलं नव्हतं, आता केलं. वीज लागंल का रात्री? आणि बुकिंग कधी?

उदगीरची_लेक
योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडात वीज-पाण्याची जोडणी नाहीच. जनरेटरलाही ठरलेल्या वेळा, रात्री बंद. आजीचं काही मशीन असेल तर बॅटरी किती तास चालते हे गाडीवाल्याला आधीच विचारा. मॅदरचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. योसेमिटीचं पाच महिने आधी, १५ तारखेला तिथल्या सकाळी ७ ला. मे अखेरीसाठी १५ डिसेंबर, आपल्याकडं रात्रीचे साडेआठ. जेवण उरकून दोघांनी दोन मोबाईल घेऊन बसा, साइटींचे नंबर कागदावर लिहून ठेवलेले पाहिजेत.