पाहुण्यांसाठी समुद्राजवळ हॉटेल: कोलवा, बाणावली की कळंगुट?

फोंडा_वरचा_बाजार:
नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचेच, त्यामुळे गोव्यात हॉटेल शोधायची वेळ कधी आली नाही. आता जानेवारीच्या शेवटी पुण्याहून भाऊ, वहिनी, वहिनीचे आईवडील आणि दोन मुलं (वय ४ आणि ११) येतायत. त्यांना चार रात्री समुद्राजवळच राहायचंय. वहिनीच्या आईचे गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात. दोन खोल्या हव्यात, एका खोलीला रात्रीचे साडेपाच-सहा हजार, फार तर थोडे वर. गोवा एक्सप्रेसने पहाटे मडगावला उतरतील, गाडी बरोबर नाही. ॲपवर बघावं तर प्रत्येक हॉटेल 'बीचपासून ३०० मीटर' आणि 'सी व्ह्यू'. भावाला कळंगुट हवंय, कारण नाव ऐकलंय. ठरवायचं कशावरून?

सासष्टीकर:
हॉटेल नंतर बघा, आधी किनारा ठरवा. काठी घेऊन चालणारी आजी आणि चार वर्षांचं मूल म्हटल्यावर अर्धे किनारे तिथेच बाद होतात. वागातोर आणि हणजूणला बऱ्याच ठिकाणी वरून चिऱ्याच्या पायऱ्या नाहीतर खडकाळ उतार आहे, गुडघ्यांना तो नको. मांद्रे-आश्वेला रस्ता आणि समुद्र यांच्या मध्ये ओहोळ येतो, त्यावर लाकडी साकव. पाळोळेंचा किनारा उथळ आहे, मुलांना उत्तम, पण रेतीवरच्या झोपड्यांना तीन-चार लाकडी पायऱ्या असतात आणि प्लायच्या भिंतीतून शेजारच्याचं घोरणं ऐकू येतं. शिवाय तुम्हाला फोंड्याहून रोज ये-जा करायची तर ते लांब. मडगावला उतरणार असाल तर कोलवा ते वार्का हा पट्टा सगळ्यात सोपा. सपाट, लांबलचक, आणि स्टेशनपासून कोलवा सहा-सात किलोमीटर.

आता ते ३०० मीटर. ॲप अंतर मोजतं ते कावळ्याच्या वाटेने, नकाशावरच्या खुणेपासून सरळ रेषेत. मध्ये शेत, कुणाचं भाट (माडांची बाग), रिसॉर्टची भिंत काही असो, त्याला दिसत नाही. वार्का-केळशीला मोठ्या रिसॉर्टांचे आवार रस्त्यापासून थेट वाळूच्या टेकड्यांपर्यंत गेलेत, सार्वजनिक वाटा मोजक्याच. आवाराला वळसा घालून जायचं तर ३०० चे सहज ९०० होतात. बाणावलीत तर 'बाणावली बीच' नाव लावलेली कितीतरी गेस्टहाऊसं मारिया हॉल या चौकाच्या आसपास आहेत, तिथून वाळू किलोमीटरभर दूर.

करायचं असं: नकाशा उपग्रह चित्रावर घ्या, हॉटेलच्या गेटपासून डांबरी रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत पायी रस्ता टाका. हे अंतर आजींसाठी दीडशे-दोनशे मीटरच्या आत हवं. पुढे सुकी रेती किती पट्टा आहे तेही चित्रात दिसतं. काठी फसते ती सुक्या रेतीत, पाण्याजवळच्या ओल्या रेतीवर चालणं सोपं. त्यामुळे रस्ता संपतो तिथे समोरच शॅक (वाळूवरचं हंगामी, झोपडीवजा खाण्याचं ठिकाण) असेल तर आजी खाटेवर बसू शकतात. जेवण-चहा घेणार असाल तर बहुतेक शॅकवाले खाटेचे वेगळे पैसे लावत नाहीत, पण बसायच्या आधी विचारा.

आणि 'वाळूवरच हॉटेल' असं कुणी म्हटलं की जरा थांबा. किनारी नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत. गावांच्या हद्दीत भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा नव्या पक्क्या बांधकामाला सहसा बंद असतो. म्हणजे वाळूलगतचं पक्कं हॉटेल एकतर फार जुनं, नाहीतर ते हंगामी झोपड्या आहेत.

म्हापशेकर:
कळंगुटला एवढंही वाळीत टाकू नका. पर्यटन विकास महामंडळाची कळंगुट रेसिडेन्सी अगदी किनाऱ्यालगत आहे, आजींना ते चालण्याजोगं. खाण्याची सोय हवी तशी, औषधाची दुकानंही पाच मिनिटांवर. शांतता हवी तर कळंगुटच्या दक्षिणेला कांदोळीकडे सरकायचं. बागाकडे सरकलात की रात्र संपली.

पण मडगावहून कळंगुट पन्नास किलोमीटरच्या आसपास. पहाटे झोपमोड झालेली मुलं आणि सामान घेऊन टॅक्सीत दीड तास, आणि टॅक्सीचं भाडं जाता-येता मोजलंत तर एका रात्रीच्या खोलीएवढं होईल. त्यात प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली की कळंगुट-बागा रस्त्यावर गाडी हलत नाही, दरही वर. तारीख पुढेमागे होत असेल तर ते दिवस सोडा.

आवाजाचं सांगतो. उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री दहानंतर बंद, हा नियम. प्रत्यक्षात बास भिंतीतून येतोच. परीक्षणं वाचताना 'म्युझिक', 'लाऊड', 'नाईट' हे शब्द शोधायच्या चौकटीत टाकून वाचा, आणि फक्त डिसेंबर-जानेवारीची वाचा. जुलैचं 'वेरी पीसफुल' काही कामाचं नाही, तेव्हा शॅक उतरवलेले असतात.

खोलीची_किल्ली:
या धंद्यात बरीच वर्षं आहे म्हणून सांगतो, तुम्हाला इतरांपेक्षा एक फायदा आहे. तुम्ही फोंड्यात आहात, पाऊण-एक तासात कोलव्याला जाऊन खोली डोळ्यांनी बघू शकता. पुण्याचा माणूस फोटोवर पैसे भरतो. दोन-तीन नावं निवडा आणि शनिवारी संध्याकाळी जा, सकाळी नको. शनिवारी रात्री नऊला जो आवाज असेल तोच तुमच्या पाहुण्यांना ऐकू येणार.

रिसेप्शनवर 'खोली दाखवा' म्हटलं की त्यांची सगळ्यात चांगली खोली दाखवतात. विचारा, 'बुकिंग केलं तर हीच देणार का?' आणि खोलीचा नंबर बुकिंगच्या मेलमध्ये लिहून मागा. आजींची खोली तळमजल्यावर हवी. लिफ्ट आहे म्हणतील, पण काही ठिकाणी लिफ्ट पहिल्या टप्प्यापासून सुरू होते आणि गेटपासून तिथपर्यंत पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून गेटपासून पलंगापर्यंत स्वतः चालत पायऱ्या मोजा.

खरी परीक्षा न्हाणीघरात. उंबरठा किती उंच आहे ते बघा. चार बोटांपर्यंत ठीक, वीतभर असेल तर रात्री अंधारात पाय अडकतो. फरशी गुळगुळीत ग्लेझची असेल तर पाणी पडलं की बर्फ. कमोडजवळ धरायला दांडा आहे का, नसेल तर निदान भिंत हाताला लागेल इतकी जवळ आहे का. टॉवेलच्या दांड्याला धरून उठायची सवय वयस्करांना असते, तो दांडा वजन घेत नाही, स्क्रूसकट निघतो. प्लास्टिकची खुर्ची आंघोळीसाठी मागून ठेवा, बहुतेक हॉटेलं देतात.

नळ सोडून चूळ भरा. किनाऱ्याजवळच्या विहिरी आणि बोअरना खारटपणा येतो, साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. पाणी नळाचं, टँकरचं की बोअरचं, सरळ विचारा. गरम पाणी सोलरवर असेल तर रात्री उशिरा थंड मिळतं. छोटा गीझर असेल तर १५ लिटरमध्ये एक आंघोळ होते, दुसऱ्याने वीस मिनिटं थांबायचं.

एसी चालू करून पाच मिनिटं खोलीतच उभे राहा. ओलसर वास आला तर भिंतीच्या खालच्या कडेला बघा, रंग फुगलेला दिसेल. वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो का फक्त पंखा-दिवे, हे विचारा, आणि जनरेटर कुठे ठेवलाय तेही बघून घ्या. नेमका स्वस्त खोलीच्या खिडकीखाली असतो.

'सी व्ह्यू' म्हणजे काय ते बाल्कनीत उभं राहूनच कळतं. माडांच्या मधून निळी रेघ दिसली तरी तो सी व्ह्यूच, दर मात्र हजारभराने जास्त. चार रात्रींत बाल्कनीत बसणार किती? त्या पैशात तळमजला आणि जवळची वाट घ्या.

आणखी एक. कोलव्याच्या खाडीला लागून असलेली खोली टाळा, तिथल्या सांडपाण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. उत्तरेला वेळसांव-आरोशीकडे गेलात तर वास्कोची रेल्वेलाईन किनाऱ्याजवळून जाते, मालगाड्या रात्रीही असतात, आणि दाबोळीची विमानं.

हिशेबतपासनीस:
वरच्यांनी खोली सांगितली, मी बिल सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के, त्याहून महाग खोलीला १८ टक्के. सीमारेषेजवळची खोली घेताना हे बघा: ७,५०० ची खोली पडते ७,८७५ ला आणि ७,६०० ची पडते ८,९६८ ला. शंभर रुपये वाढवून जवळजवळ अकराशे गेले. ॲपवर आधी दिसतो तो बहुतेक वेळा कर सोडून असलेला आकडा, शेवटच्या पानावर कर आणि ॲपचं शुल्क मिळून वाढतो. तुलना शेवटच्या पानावरच्या आकड्यांची करा. सहा हजारांत राहणार असाल तर ५ टक्क्यांतच बसाल. जेवणाचंही लक्षात ठेवा: ज्या हॉटेलात ७,५०० च्या वरच्या दराच्या खोल्या आहेत तिथल्या रेस्टॉरंटात सहसा १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५.

चार वर्षांच्या मुलाला सहसा काही लागत नाही. ११ वर्षांच्याला जादा गादी आणि नाश्त्याचे पैसे बहुतेक लागतातच, बारा पूर्ण झाले की मोठा माणूस धरतात. ॲपवर मुलांची वयं न भरता बुकिंग केलंत तर काउंटरवर वाद होतो. तेव्हा वयं खरी भरा, आणि जादा गादी म्हणजे पलंग की जमिनीवरची गादी तेही विचारून घ्या.

ॲपवर दर बघितला की हॉटेलला फोन करून तोच दर थेट मागा. ॲपचं कमिशन वाचतं, म्हणून बरेच जण काही कमी करतात किंवा नाश्ता घालतात. मात्र थेट बुकिंगमध्ये रद्द करण्याची अट लेखी घ्या, 'बघू नंतर' यावर आगाऊ पैसे पाठवू नका. फ्लॅट किंवा व्हिला घेत असाल तर गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालचा नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल आणि ऐनवेळी सोसायटीने पाहुण्यांना गेटवर अडवलं, तर भांडायला कागद हाताशी नाही.

आता पहाटेचा प्रश्न. चेक-इन दुपारी बारा किंवा दोनला. पहाटे खोली मागितली तर रिकामी असली तरी अर्ध्या दिवसाचे पैसे लावतात, भरलेली असेल तर लॉबीत बसा. आदल्या रात्रीपासून दोन्ही खोल्या घेणं हा तर चक्क भुर्दंड. तुम्ही फोंड्यात आहात ना? मडगाव ते फोंडा वीस किलोमीटरच्या आत. सगळ्यांना सरळ घरी आणा, आंघोळ-नाश्ता उरका, मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा करा, जेवून दुपारी कोलव्याला सोडा.

फोंडा_वरचा_बाजार:
हे शेवटचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार. कळंगुट बाद, कोलवा-बाणावली पक्कं, शनिवारी जाऊन बघतो. दोन प्रश्न राहिले. मुलांना पूल हवाच आहे. आणि चार दिवस फिरायला भावाने गाडी भाड्याने घ्यावी का?

सासष्टीकर:
गाडी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त देतात, पण ती भाड्याने देणं बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, बंपरची खालची कडही. सहा जण एका छोट्या गाडीत नीट बसत नाहीत, सात आसनी मागा.

माझं विचाराल तर चार दिवस गाडी नको. ओला-उबर इथे नाही, टॅक्सीसाठी गोवामाइल्सचं ॲप टाकून ठेवायचं. कोलवा-मडगाव बस दिवसभर मिळते. एकट्या भावाला मडगावच्या बाजारात जायचं असेल तर पायलट (मोटरसायकल टॅक्सी) आहेच. लांबचा एकच दिवस ठरवा आणि त्या दिवसापुरती टॅक्सी सांगा.

खोलीची_किल्ली:
पूल बघायला गेलात की तीन गोष्टी: मुलांचा वेगळा उथळ भाग आहे का, वेळ किती (बरेच पूल सूर्यास्ताला बंद करतात), आणि पाण्याचा तळ दिसतो का. तळ धूसर दिसला तर फिल्टर नीट चालत नाही, मुलाला उतरवू नका. सुती कपड्यांत पुलात सोडत नाहीत, नायलॉनचे पोहण्याचे कपडे पुण्याहूनच आणायला सांगा, किनाऱ्यावरच्या दुकानात दुप्पट पैसे जातात.

समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच, आणि जीवरक्षक असेपर्यंतच. नुसता लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही नको. ११ वर्षांच्याला एवढं समजावून ठेवा की ओढ लागली तर किनाऱ्याकडे सरळ झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर सरकायचं.

आणि हो, शनिवारी जाल तेव्हा आजींची काठी बरोबर न्या किंवा तिच्या उंचीची कुठलीही, आणि रस्त्याच्या टोकापासून शॅकपर्यंत टेकत चालून बघा. खाली रबरी टोपी असेल तर रेतीत कमी रुतते.