मदत हवी आहे: टाटामोबाईलला २०७ डीआयचा गिअरबॉक्स बसेल का?

भाऊ लोकांनो, गाडी जुनी टाटामोबाईल २०७ पिकअप, इंजिन कंपनीचंच, १९४८ सीसी. रावेर-सावदा भागात केळी भरते. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना कर्रर्र वाजतं, आणि चढावर दुसरा गिअर उडतो. लिव्हर हाताने धरून ठेवावा लागतो. गिअरबॉक्स खोलला, सिंक्रो रिंगचे (गिअर आवाज न होता गुंतवणारी रिंग) दात पार गोल झालेत. ऑइल बदललं, क्लच सेटिंग केलं, फरक शून्य. या मॉडेलचे पार्ट जळगाव-धुळ्यात मिळाले नाहीत.

भंगारात २०७ डीआयचा (टाटाचीच नंतरची पिकअप) अख्खा गिअरबॉक्स मिळतोय. पण डीआयचं इंजिन २९५६ सीसीचं, म्हणून बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचवरचं कव्हर) शंका आहे. मिस्त्री म्हणतो, "बसवून देतो." म्हणजे वेल्डिंग, ते मला नको. इंजिनही बदलायचं नाही, आरसी बुकात आरटीओची मंजुरी घेत कोण फिरणार?

ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनीच सांगा: माझं बेल हाउसिंग ठेवून डीआयचा गिअरबॉक्स बोल्टवर बसतो का? इनपुट शाफ्टची (क्लचमधून गिअरबॉक्सात जाणारा दांडा) लांबी आणि क्लच प्लेटच्या खाचा जुळतात का? जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा) कापावा लागतो का? अख्खा बसतच नसेल, तर निदान आतली दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग आणि तिच्या जोडीचा हब तरी चालेल का?