मदत हवी आहे: गोड-तिखट भाजलेली रताळी वरून करपतात, आतून दडस राहतात

नमस्कार,

गेल्या तीन आठवड्यांत तीनदा रताळी भाजली आणि तिन्ही वेळा ती वेगवेगळ्या तऱ्हेनं बिघडली. पुढच्या रविवारी आठ माणसं जेवायला आहेत आणि मला तेव्हा हीच करायची आहेत, म्हणून चौथ्या खेपेआधी इथे विचारते आहे.

मला काय साधायचंय ते आधी सांगते. एका मैत्रिणीकडे ही रताळी खाल्ली होती. फोडींच्या कडा गडद तपकिरी, काचेसारख्या चकचकीत, दाताला किंचित चिकटणाऱ्या. आत मात्र लोण्यासारखा मऊ गर. आधी गोडवा लागायचा, मग दोन-तीन क्षणांनी घशाशी तिखट जाणवायचं. ट्रेच्या तळाशी पाकाचे काळसर थेंब गोठले होते, तेसुद्धा आम्ही दोघींनी उलथन्यानं खरवडून खाल्ले. कृती विचारली तर म्हणाली, "अगं, मी सगळं अंदाजानं करते, प्रमाण कसं सांगू?"

पहिली खेप: अर्धा किलो रताळी सोलून दीड सेंटिमीटरच्या फोडी केल्या. दोन मोठे चमचे मध, एक चमचा लाल तिखट, जिरेपूड, मीठ, तेल असं सगळं एकदमच चोळून ओटीजीत २३० अंशांवर ठेवलं. बाराव्या मिनिटाला घरभर ठसका. मध काळा पडलेला, तिखट करपून कडू झालेलं आणि सुरी टोचली तर आत कच्चं.

दुसरी खेप: घाबरून तापमान १६० वर आणलं आणि या वेळी एक किलो घेतली. ट्रे काठोकाठ भरला. पाऊण तासानं शिजली, पण भाजली असं म्हणवेना. लिबलिबीत, ओलसर, रंग फिका. उलटताना निम्म्या फोडी मोडल्या.

तिसरी खेप: २०० अंश, एकच थर, मसाला शेवटी. ही बरीच जमली. पण अधूनमधून एखादी फोड अशी यायची की बाहेरून मऊ आणि मध्यभागी कच्च्या बटाट्यासारखी दडस. ट्रे परत आत ठेवला, अजून वीस मिनिटं दिली, तरी त्या फोडी तशाच. शेजारच्या फोडी करपायला आल्या पण या काही शिजेनात. हे कोडं मला अजिबात उलगडलेलं नाही.

मध घालावा की गूळ, आणि कधी? तिखट न करपता आतपर्यंत कसं मुरवायचं? आणि त्या दडस फोडींचं काय? कोणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद १

तिसऱ्या खेपेचं वर्णन वाचून एक शंका आली. रताळी आणल्यावर तुम्ही कुठे ठेवता? फ्रिजमध्ये का? आणि ती आतून पांढरी होती की केशरी? हे कळलं तर नीट सांगता येईल.

धागाकर्ती

हो, फ्रिजमध्येच. भाजीच्या कप्प्यात जवळजवळ आठवडाभर होती. पहिल्या दोन वेळची आणली त्याच दिवशी केली होती, त्यामुळे ती फ्रिजमध्ये गेलीच नव्हती. आतून पांढरट-पिवळी, साल जांभळट. फ्रिजचा यात काही संबंध असेल असं वाटलंच नव्हतं.

प्रतिसाद १

मग कोडं सुटलं, आणि तुमचा यात भाजण्याचा काही दोष नाही. रताळ्याला थंडी सोसत नाही. साधारण १२ अंशांच्या खाली बरेच दिवस राहिलं की आतल्या पेशींना इजा होते आणि मग तो भाग कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही. वरून काहीच कळत नाही. आच वाढवून किंवा वेळ वाढवून ते दुरुस्त होत नाही, म्हणून तुमची वीस मिनिटं फुकट गेली. रताळी उघड्या टोपलीत, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी ठेवा. १३ ते १५ अंश त्यांना सगळ्यात मानवतात. घरात तितकं गार नसतंच, तेव्हा आठवड्याभरात संपतील इतकीच आणावीत. धुऊन ठेवू नका, ओल राहिली की कुजतात.

शिजवल्यावर मात्र फ्रिजमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही. अडचण फक्त कच्च्याची.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराशी सहमत. मी गोडव्याबद्दल लिहिते, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथे आहे. तुम्ही गोडवा बाहेरून लावायला बघताय. तो रताळ्यात आधीच आहे, फक्त त्याला बाहेर यायला वेळ द्यावा लागतो.

कच्च्या रताळ्यात साखर तशी थोडीच असते, १०० ग्रॅममध्ये सुमारे ४ ग्रॅम. बाकी बरंचसं पिष्ट (स्टार्च). पण त्यात एक विकर (एन्झाइम) असतं, बीटा-अमायलेज. रताळं तापत गेलं की साठ-पासष्ट अंशांच्या आसपास पिष्ट फुगतं, आणि मग हे विकर त्याचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर बनवतं. पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढे विकर स्वतःच निकामी होतं. म्हणजे आतला गर साठ ते पंचाहत्तर या टप्प्यातून जितका सावकाश जाईल तितका तो गोड होतो. मायक्रोवेव्हमध्ये केलेलं रताळं पचपचीत लागतं ते यामुळेच. तिथे हा टप्पा बघता बघता निघून जातो. तुमच्या मैत्रिणीच्या ट्रेवर जे काळसर थेंब होते ना, ते नुसते मधाचे नसणार. सावकाश भाजलेल्या रताळ्यातून स्वतःचा पाक पाझरतो.

मी असं करते: अडीच सेंटिमीटरच्या फोडी. दीडच्या फार लहान, त्या आतून गोड व्हायच्या आत वाळतात. धुऊन, पंचावर पसरून अगदी कोरड्या करायच्या. अर्धा किलोला एक मोठा चमचा तेल आणि अर्धा लहान चमचा मीठ, बाकी काही नाही. ट्रे फॉइलनं झाकून गार ओव्हनमध्ये ठेवायचा, मग १५० अंश लावायचे. पंचवीस मिनिटं. नंतर फॉइल काढून २२० वर आणखी वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदाच उलटायच्या. पहिली दहा मिनिटं हात लावू नका. खालची बाजू खरपूस झाली की ती आपसूक ट्रे सोडते. त्याआधी उलथनं घातलंत तर कवच ट्रेलाच राहतं.

मध की गूळ? मला गूळ आवडतो. मधात फ्रुक्टोज ही साखर जास्त, आणि ते ११० अंशांलाच रंग धरायला लागतं. साध्या साखरेला १६० पर्यंत जावं लागतं. २३० ला बारा मिनिटं म्हणजे मधाचं काय होणार! गूळही लवकर करपतो, पण त्याची चव भाजलेल्या रताळ्याशी जास्त जुळते. दोन्हीपैकी काहीही घ्या, पण शेवटच्या पाच मिनिटांतच. (रविवारी येणाऱ्यांत वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाची फोड अजिबात देऊ नका. त्या वयात मध धोक्याचा असतो आणि भाजल्यानं तो धोका जात नाही.)

प्रतिसाद ३

मी थोडं वेगळं करतो. दोन टप्प्यांची गरज मला वाटली नाही. रिकामा ट्रे २२० वर दहा मिनिटं तापवायचा, फोडी टाकताना चर्रर्र आवाज आला पाहिजे, आणि तिथून पुढे सलग तीस मिनिटं. कडा जास्त कुरकुरीत होतात. फोडींवर एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं तर आणखी छान. मात्र फोडींमध्ये बोटभर जागा सोडा. तुमच्या दुसऱ्या खेपेत तेच चुकलं: रताळ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, ट्रे भरला की ती वाफ जाणार कुठे? फोडी भाजल्या नाहीत, उकडल्या. आठ माणसांना दीड किलो तरी लागतील, तेव्हा दोन ट्रे करा आणि अर्ध्या वेळेनंतर त्यांची वर-खाली अदलाबदल करा.

आता तिखट. कोरडं तिखट वरून भुरभुरवलं की ते उघड्यावर पडतं आणि सगळ्यात आधी जळतं. तिखटाचा रंग आणि झणका दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. म्हणून लहान कढल्यात दोन चमचे तेल किंवा लोणी कोमट करायचं, धूर येऊ द्यायचा नाही. आच बंद करून त्यात अर्धा लहान चमचा लाल तिखट, तितकीच जिरेपूड आणि चिमूटभर दालचिनी पूड घालायची. मिनिटभरात तेल लाल होतं. त्यातच किसलेला गूळ आणि चमचाभर पाणी घालून मंद आचेवर विरघळवायचा. हे गरम मिश्रण भाजलेल्या फोडींवर घालून हलक्या हातानं परतलं की प्रत्येक फोडीला सारखं लागतं. लिंबू ओव्हनमधून काढल्यावरच पिळायचं. ते विसरू नका, आंबट नसेल तर गोड आणि तिखट एकमेकांवर चढतात आणि तिसऱ्या घासाला कंटाळा येतो.

एक अजून. आतून केशरी रताळी मिळाली तर ती जास्त पाणीदार असतात, मऊ होतात पण कुरकुरीत कमी. तुमची पांढरी, पिठूळ जात या कामाला चांगली.

प्रतिसाद ४

ओव्हन नसणाऱ्यांसाठी लिहून ठेवते: जाड बुडाच्या कढईतही छान होतात. थोड्या तेलावर फोडी एका थरात, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटं. झाकणावरचं पाणी कढईत पडू द्यायचं नाही, उचलताना बाजूला निथळायचं. मग झाकण काढून आच वाढवायची आणि एकेक बाजू लाल करायची. गुळाचं मिश्रण गॅस बंद केल्यावर घालायचं, कढईची उष्णता पुरते. साल मी ठेवते, स्वच्छ घासून घेतली की झालं. सालीमुळे फोडी मोडत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताजी रताळी आणली, टोपलीत ठेवली आणि आज सकाळी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी करून पाहिल्या. दोन ट्रे, प्रत्येकी अर्धा किलो, एकाच टोपलीतली रताळी, साल ठेवून.

आधी सावकाशवाला ट्रे. फॉइल काढलं तेव्हा फोडी फिक्या आणि घामेजलेल्या दिसत होत्या, मला वाटलं परत बिघडलं. पण २२० वर पंधराव्या मिनिटाला एका फोडीच्या चिरेतून बारीक बुडबुडे येताना दिसले. काचेतून वाकून बघत राहिले. तो पाकाचा थेंब खाली ओघळला, ट्रेवर पसरला आणि डोळ्यांदेखत तांबूस झाला. काहीही गोड लावलेलं नव्हतं! गूळ घालायच्या आधीच एक फोड चाखली आणि खरं सांगते, तिला गुळाची गरज फारशी नव्हती. ठरवलेल्या दोन चमच्यांऐवजी एकच घातला.

तापलेल्या ट्रेवरच्या फोडी जास्त कुरकुरीत झाल्या यात शंका नाही, कॉर्नफ्लोअरचं कवच तर सुंदर. पण आतला गर तितका गोड नाही, तिथे दोन चमचे गूळ लागलाच. घरात मतं पडली. मुलाला कुरकुरीत आवडल्या, मला आणि सासूबाईंना पहिल्या. मैत्रिणीकडची चव पहिल्या ट्रेचीच होती. दडस फोड दोन्हींत एकही नाही.

तिखट तेलात घालण्यानं फारच फरक पडला. तेवढंच तिखट, पण कडवटपणा अजिबात नाही आणि रंग एकसारखा.

आता एकच अडचण उरली. वीस मिनिटं भांड्यात काढून झाकून ठेवल्यावर कडा मऊ पडल्या, वरचा पाकही चिकट झाला. रविवारी सगळे एकदम जेवायला बसतील याची खात्री नाही. तोवर कशा ठेवायच्या?

प्रतिसाद २

वाचून फार बरं वाटलं! झाकलंत म्हणून मऊ पडल्या, फोडींची वाफ त्यांच्यावरच बसली. भांड्यात काढूच नका. भाजणं पूर्ण करा, पण गुळाचं मिश्रण घालू नका, आणि ट्रेवर पसरलेल्याच, उघड्या राहू द्या. तासभर राहिल्या तरी चालतील. पाहुणे हात धुवायला उठले की ओव्हन २२० वर तापवून फोडी पाच मिनिटं आत ठेवा, बाहेर काढून त्यावर गरम मिश्रण घाला, आणखी तीन-चार मिनिटं भाजा, लिंबू पिळा आणि ट्रेसकट टेबलावर न्या. खाली जाड फडकं ठेवा.