ड्युटीवर सरकारी सामान हरवलं तेव्हा : विदर्भातल्या पोलिसांनो, पोलिसांच्या घरच्यांनो, अनुभव सांगा

वडील गेल्या पौषात वारले. त्यांची लोखंडी पेटी आवरताना गणवेशाच्या घडीखाली 'कारणे दाखवा' नोटिशीची एक जीर्ण प्रत सापडली. म्हणून हा धागा काढते आहे.

१९९६ ची लोकसभा निवडणूक. बाबा यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या एका ठाण्यात शिपाई होते. मतपेट्या तालुक्याला पोचवून रात्री जीपनं परत आले. हत्यार जमा करताना लक्षात आलं, पाऊचचं बटण उघडं आहे आणि एसएलआर रायफलचं एक मॅगझिन नाही. आत २० राऊंड, म्हणजे काडतुसं. ते घरी आले ते फक्त टॉर्च न्यायला. आईनं मला आणि भावाला उठवलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या दोन काकूही निघाल्या. कच्च्या रस्त्यानं, दोन्हीकडचे धुरे बघत, आम्ही पहाटेपर्यंत चाललो. बाबा एक शब्द बोलत नव्हते. इतके गप्प मी त्यांना ना आधी पाहिलं होतं, ना नंतर पाहिलं.

उजाडल्यावर एक ढोरकी (गुराखी) दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन ठाण्यात आला. "जमादार, हे तुमचंच होय काय जी? पोट्ट्यायच्या हाती लागू नये म्हून रातभर उशाखाली ठेवलं." मोजले, पूर्ण २० भरले. तरी नोटीस निघाली, एक वेतनवाढ वर्षभर थांबली. पैशाचं त्यांनी कधी काढलं नाही. सेवापुस्तकात नोंद पडली, ते मात्र त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

तुमचं किंवा तुमच्या माणसाचं काय हरवलं, कसं हरवलं, पहिल्या तासात काय केलंत, कोण मदतीला आलं, ते लिहा. ठाण्याचं नाव, अधिकाऱ्यांची नावं, बक्कल नंबर लिहू नका.

निवृत्त सहायक फौजदार, अमरावती जिल्हा

माझी हातकडी गेली ती आरोपीच्या हातातच. किरकोळ चोरीतला वीस-बावीस वर्षांचा पोरगा. मेळघाटातून एसटीनं अचलपूरच्या कोर्टात नेत होतो. सेमाडोहला गाडी थांबली, त्यानं लघवीला जायचं म्हटलं. दोरी माझ्या मनगटाला होती, झटका बसला आणि गाठ सुटली. दोन मिनिटांत तो सागाच्या रानात दिसेनासा झाला. सोबतच्या शिपायाला ठाण्याला फोन लावायला पिटाळलं आणि मी एकटाच आत शिरलो. पावसाळ्याचे दिवस, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याचा बाप, एक कोरकू म्हातारा, पोराला घेऊन स्वतः ठाण्यात आला. पिशवीत कापलेली बेडी. लोहाराकडून कापून घेतली होती. "साहेब, पोरगं आणलं, बेडी पण आणली," एवढंच बोलला. बेडीचे पैसे भरायला त्यानं धोतराच्या सोग्यात नोटा बांधून आणल्या होत्या. मी घेतल्या नाहीत. माझ्या पगारातून कापले, ते मला मान्य होतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सरसकट बेड्या घालू नका, हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच सांगितलं होतं. १९९५ मध्ये तर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय कोर्टाच्या वाटेवर बेडी नको, इतकं स्पष्ट सांगितलं. खाली आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं, आम्ही सवयीनं घालत होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये बेडी कोणाला घालता येईल याची यादी आली आहे : सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, दहशतवादी कृत्यं वगैरे. त्या दिवशी सकाळी तो पोरगा यातल्या कशातच बसत नव्हता. बेडी माझ्याकडून हरवली हे खरंच, पण ती मी त्याला घालायलाच नको होती.

साहित्य भांडाराचं काम केलेला हवालदार, अकोला

ताई, तुमच्या वडिलांना ज्यांनी नोटीस काढली त्यांची बाजू मी घेत नाही. पण मी सात वर्षं जडसंग्रह नोंदवही, म्हणजे ठाण्याच्या सामानाची वही, सांभाळली, म्हणून आतलं सांगतो.

हरवलेलं प्रत्येक सामान सारखं नसतं. शिट्टी, दोरी, पट्टा, रेनकोट गेला तर अर्ज, किंमत भरणं, विषय संपला. ढाल, हेल्मेट, लाइफ जॅकेट यांना अर्जासोबत थोडी चौकशी. हत्यार, मॅगझिन, राऊंड किंवा वॉकीटॉकी गेला की मात्र सगळं ठाणं जागं होतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २५ खाली शिक्षा होते आणि निष्काळजीपणानं झालेलं नुकसान पगारातून वसूल करता येतं. चौकशीची रीत १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांत आहे.

आणि चौकशीत सर्वांत आधी काय पाहतात? स्टेशन डायरीतली वेळ. हरवल्याचं कळल्यावर किती वेळात नोंद केली. एका पोराचे पाच राऊंड गेले होते. बहिणीचं लग्न तोंडावर, रजा जाईल म्हणून तीन दिवस बोलला नाही. एकटाच शोधत राहिला. चौथ्या दिवशी मोजणीत उघडं पडलं, तोवर त्या वाटेवर डांबरीकरणाचा रोलर फिरला होता. निलंबित झाला. त्याच रात्री मला उठवलं असतं तर वीस माणसं कंदील घेऊन काढली असती मी. अजून त्याचा चेहरा आठवला की जेवण जात नाही.

नवीन पोरांना माझी कळकळीची विनंती आहे. आधी नोंद करा, मग शोधा. नोंदीचा उतारा मागून घ्या आणि घरी जपून ठेवा.

महिला पोलीस शिपाई, भंडारा

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा माझी नोकरी दीड वर्षाची होती. नदीकाठच्या वस्तीतून माणसं बोटीनं काढत होतो. आम्हा दोघींत मिळून एकच लाइफ जॅकेट, माझ्या नावावर घेतलेलं. एक आजी बोटीत चढायलाच तयार नव्हती. शेळी सोडून येत नाही म्हणे. जॅकेट तिच्या अंगात घातलं, शेळी माझ्या मांडीवर घेतली, तेव्हा ती बसली. पलीकडे तिला दुसऱ्या गाडीनं शाळेत नेलं आणि जॅकेट तिच्या अंगावरच गेलं. बूट आणि टॉर्च पाण्यात गेले ते वेगळेच.

पूर ओसरल्यावर माझ्या नावापुढे जॅकेट 'येणे' दिसत होतं. खरं काय झालं ते अर्जात लिहिलं. आमच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि शेरा मारला : 'बचावकार्यात वापर, वसुली नको.' त्या कागदाचा फोटो मी जपून ठेवला आहे. दोन महिन्यांनी कोणीतरी जॅकेट आणूनही दिलं. शेळीचं काय झालं, सगळे विचारतात. वाचली.

निवृत्त हवालदार, बुलढाणा

सैलानीची यात्रा. होळीच्या सुमारास भरते, नारळांची होळी पेटते, पाय ठेवायला जागा नसते. मी पॉइंटवर. चेंगरत आलेल्या एका बाईला बाजूला ओढलं, तेवढ्यात पट्ट्याचा क्लिप तुटून वॉकीटॉकीचा सेट गेला. वॉकीटॉकी ज्याच्या हाती पडेल त्याला सगळा बंदोबस्त ऐकू जातो, आणि बटण दाबून कोणी काहीही बोलला तर लोंढा भलतीकडे वळू शकतो. पोटात गोळाच आला. शेजारच्या पॉइंटवरच्या माणसाच्या सेटवरून लगेच कंट्रोलला सांगितलं. त्यांनी सगळ्यांना बजावलं की या कॉल साइनवरून (सेटच्या ठरलेल्या नावावरून) काही ऐकू आलं तर मानू नका. मध्यरात्री एका नारळवाल्यानं सेट आणून दिला. गोणपाटाखाली झाकून ठेवला होता, बॅटरी संपलेली. मला तोंडी समज मिळाली. त्या नारळवाल्यासाठी मी बक्षिसाची शिफारस केली, तिचं पुढं काय झालं कळलं नाही.

गडचिरोलीतल्या जवानाचा भाऊ

भाऊ फार बोलत नाही, एकदाच बोलला. भामरागडकडे नाला ओलांडताना त्यांच्या पार्टीतल्या एकाचं मॅगझिन पाण्यात पडलं. तिथं उघड्यावर थांबणं म्हणजे काय, हे तिथल्यांनाच ठाऊक. तरी निम्मे कडेला पसरले, निम्मे छातीएवढ्या पाण्यात पायानं चाचपत राहिले. चाळीस मिनिटांनी मिळालं. ज्याचं पडलं होतं त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. रात्री त्याचं पाऊच दुसऱ्यानंच दोऱ्यानं शिवून दिलं.

पोलीस पाटील, वाशिम जिल्हा

गावात सापडलेली टोपी, काठी, एकदा तर ढाल, मी नेऊन दिली आहे. एकच सांगतो. सापडलेली वस्तू द्यायला लोक भितात, 'तुमच्याकडे कशी आली' असं विचारतील म्हणून. पाटलाकडे द्या म्हणजे तुमचं नाव येत नाही, हे मी दर ग्रामसभेत सांगतो.

धागा काढणारी

अकोल्याच्या हवालदारकाकांचं वाचून रात्री पेटी पुन्हा उघडली. नोटिशीला मागं टाचणीनं एक पातळ कागद लावलेला होता, मी तो कोरा समजून पाहिलाच नव्हता. कार्बन उमटलेला डायरीचा उतारा. मॅगझिन मिळत नसल्याची नोंद, वेळ रात्री ११.४०. आणि नोटिशीत लिहिलं आहे, 'घटनेची माहिती दुसऱ्या दिवशी, मॅगझिन मिळाल्यानंतर दिली.'

बाबांनी टॉर्च घ्यायला घरी येण्याआधीच नोंद केली होती. उत्तरात त्यांनी हा उतारा जोडला होता की नाही, ते या कागदांवरून समजत नाही. सेवापुस्तकाची प्रत कुटुंबाला कशी मागता येते, हे कोणाला माहीत असेल तर सांगा. आज आईला दोन्ही कागद वाचून दाखवले. तिनं उतारा हातात घेतला, तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "मले तं तवाच ठावं होतं. पर कागदावर हाय म्हणतेस न?"