मदत हवी आहे: झर्निके गुणांक कोणत्या पद्धतीने साठवता?

लेन्स डिझाइन करणाऱ्यांना विचारतोय. (झर्निके गुणांक म्हणजे लेन्समधून येणाऱ्या प्रकाशाच्या तरंगाग्रातली चूक ठराविक आकारांच्या, म्हणजे पदांच्या, बेरजेत मांडली की प्रत्येक पदाचा वाटा.) आमचं डिझाइन सॉफ्टवेअर झर्निके गुणांक नोलच्या क्रमाने देतं, इंटरफेरोमीटर (तरंगाग्र मोजणारं उपकरण) फ्रिंज क्रमाने, आणि विश्लेषणाची लायब्ररी आन्सी क्रमाने; पदांना क्रमांक देण्याच्या या तीन वेगळ्या पद्धती. सगळं एका डेटाबेसमध्ये आणायचंय.

डिफोकस (फोकस पुढे-मागे सरकणं) तिन्हींत ४ क्रमांकावरच आहे, त्यामुळे पहिली तपासणी हमखास फसवी. प्राथमिक गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येणं) मात्र फ्रिंजमध्ये ९, नोलमध्ये ११, आन्सीत १२. बरं, नुसते क्रमांक बदलूनही भागत नाही. नोलच्या प्रत्येक पदाचं आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) १ धरलेलं असतं, फ्रिंजचं तसं नाही. फ्रिंजचा नववा गुणांक ०.१ तरंगलांबी असेल, तर नोलचा अकरावा ०.१ भागिले ५ चं वर्गमूळ, म्हणजे ०.०४४७. पाचवं पद फ्रिंजमध्ये कोसाइन, नोलमध्ये साइन. आणि कहर म्हणजे ३७ वं पद: नोलमध्ये आठव्या घाताचं, फ्रिंजमध्ये थेट बाराव्या!

माझ्या मते क्रमांक साठवूच नये. एन (पदातला त्रिज्येचा सर्वात मोठा घात), चिन्हासह एम (कोनाचा गुणक; चिन्हावरून कोसाइन की साइन ते कळतं), आरएमएस पद्धतीचा गुणांक नॅनोमीटरमध्ये आणि नॉर्मलायझेशन त्रिज्या (जी १ धरतात ती), एवढं ठेवावं. तरंगलांबीच्या पटीत ठेवलं की ६३२.८ नॅनोमीटरवर मोजलेलं आणि ५८७.६ वर डिझाइन केलेलं एकत्र कालवलं जातं.

अडलंय ते इथे: इंटरफेरोमीटरची प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी येत असेल तर नेमकी कोणती चिन्हं फिरवायची? आणि मध्ये अडथळा असलेल्या प्युपिलचं (प्रकाश जिथून जातो त्या वर्तुळाचं) काय करता?

प्रतिसाद १:
एन-एमच ठेवा. एक्स उलटला असेल तर विषम एमची कोसाइन पदं आणि सम एमची साइन पदं चिन्ह बदलतात, कोन एक्स-अक्षापासून मोजत असाल तर. काही ठिकाणी तो वाय-अक्षापासून मोजतात, तेव्हा तोही रकाना हवाच. कागदावर विसंबू नका. एक भाग ठरलेल्या दिशेला जरासा सरकवून कोमाचं (बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी आणणाऱ्या विपथनाचं) चिन्ह दोन्हीकडे जुळतं का बघा.

प्रतिसाद २:
वलयाकार प्युपिलवर साधी झर्निके पदं ऑर्थोगोनल (एकमेकांपासून स्वतंत्र) राहत नाहीत. पदं वाढवली की आधीचे गुणांकही हलतात, आणि वर्गांच्या बेरजेवरून काढलेलं आरएमएसही चुकतं. प्रकाशशास्त्रज्ञ महाजन यांची वलयाकार पदं वापरा, पण अडथळ्याचं प्रमाण सोबत साठवा; त्याशिवाय ते आकडे वाचताच येणार नाहीत. आणखी एक, फ्रिंजच्या ३७ पदांत एन ६, एम ६ बसतच नाही. परत फ्रिंजमध्ये निर्यात करणार असाल तर ते गळेल, तेव्हा मूळ फाइल पुसू नका.