विषय: कारभारीपणाचं कार्ड – रकमेची ओळ ठेवायची की काढायची?

प्रेषक: खजिनदार
मंडळी, चर्चसाठी कोण किती वेळ, कोणतं कौशल्य आणि किती पैसा देणार ते लिहून घ्यायचं आपलं कार्ड गुरुवारी छापायला जातंय. ‘वेळ’ आणि ‘कौशल्य’ या भागांबद्दल कोणाची तक्रार नाही. घोडं अडलंय ते तिसऱ्या भागातल्या एका ओळीवर: ‘मी दर महिन्याला ____ देईन.’ मागची सभा यातच गेली, तेव्हा फक्त हो किंवा नाही कळवा. फादर म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा.

प्रेषक: कॉयरताई
नाही. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला (बायबल, मार्क १२) कोणी आधी आकडा लिहायला लावला नव्हता. नाव आणि रक्कम एका कागदावर आली की कोण किती देतं ते चार जणांना कळतं, आणि आपल्याकडे चौघांना कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. शिवाय ज्याची नोकरी गेलीय तो ती ओळ बघून कार्डच भरणार नाही. म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलचं वाचन करायला तयार असलेला माणूसही गेला.

प्रेषक: खजिनदार
ताई, कार्डं फादर आणि मी सोडून कोणी बघत नाही. वीज, विमा, पगार, धर्मप्रांताचा वाटा हे सगळं ठरल्या तारखेला जातं. मिस्सेत फिरणारी दानाची थैली मात्र सुट्ट्या लागल्या की हलकी. आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा, असं संत पौलानेच करिंथकरांना लिहिलंय (१ करिंथ १६:२). हे वचन आहे, कर्ज नाही. जमलं नाही तर दारात वसुलीला कोणी येत नाही.

प्रेषक: माजी सचिव
ओळ ठेवा नाहीतर काढा, आधी छपराच्या निधीचं सांगा. तो साऊंड सिस्टिमकडे वळला म्हणतात, खरं का? कॅनन लॉचं (चर्चच्या कायद्याचं) कलम १२६७ स्पष्ट आहे: ज्या कारणासाठी दिलं त्याच कारणासाठी वापरायचं. आणि १२८७ प्रमाणे भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांपुढे ठेवायचा असतो. माझ्या काळात तो दर तिमाहीला फलकावर लागायचा.

प्रेषक: साऊंडवाला
साऊंड सिस्टिम वेगळ्या देणगीतून आली. देणाऱ्याला नाव नको होतं. (आणि तुमच्या काळात शेवटच्या बाकापर्यंत प्रवचन ऐकू येत नव्हतं.)

प्रेषक: धर्मशिक्षण वर्गातली एक आई
मी नवीन आहे, तरी बोलते. मागच्या वर्षी ‘कौशल्य’खाली मी हिशेब तपासणी लिहिलं, माझा व्यवसायच तो. कोणाचा फोन आला नाही. आमच्या गटात आणखी काही जणांचं असंच झालं. कार्डावरचे दोन भाग कोणी वाचत नाही आणि तिसरा वाचतात, असं एकदा मनात बसलं की लोक तिन्ही कोरे ठेवतात. अमेरिकन बिशपांचं १९९२ चं पत्रही कारभारीपणाला शिष्यत्व म्हणतं. पैसा हा त्यातला एक भाग.

प्रेषक: वाचकांची यादी
कोणी विचारायच्या आत सांगते: मिस्सेत वाचणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे आणि ती भरलेली आहे. नवीन लोक बायबलमधल्या ‘थेस्सलनीकाकर’ या नावापाशी अडखळतात.

प्रेषक: कॉयरताई
भरलेली म्हणजे तीच चार माणसं ना? त्यातले दोघे माझ्या कॉयरमध्ये गातातही, एका वेळी दोन्हीकडे कसे उभे राहणार?

प्रेषक: साऊंडवाला
सरळ दहा टक्के छापा, वाद मिटेल.

प्रेषक: माजी सचिव
नाही मिटणार. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २०४३ व्या परिच्छेदात ‘प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे’ असं आहे. दशांश कोणाला द्यायचा तर जरूर द्यावा, पण छापून मागू नका.

प्रेषक: खजिनदार
ठरवतोय. कार्डावर फक्त वेळ आणि कौशल्य. रकमेची चिठ्ठी वेगळी, बंद पाकिटात, नाव ऐच्छिक. पाकिटाबरोबर मागच्या वर्षाचा जमाखर्च एका पानावर. हिशेब तपासणीवाल्या ताई, आज रात्री फोन करतो, ते पान तुम्हीच बघून द्या. मागच्या वर्षीची भरलेली कार्डं कोणाकडे आहेत? कपाटात नाहीत.

प्रेषक: माजी सचिव
माझ्याकडे नाहीत. आणि छपराचं उत्तर अजून आलेलं नाही.